सूनबाईंची सुरी, मामांचा दगड

घरच्या सुरीला धार कशी लावायची, या प्रश्नावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एका बाजूला मामा. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, डाय आणि पंच घासण्यात हयात गेलेली. दुसऱ्या बाजूला वहिनी. तिचं पोळी-भाजी केंद्र आहे; दोन वेळचे डबे आणि मधल्या वेळात कांद्याची पोती. मामांच्या लेखी धार हे कसब आहे. वहिनीच्या लेखी ते उरकायचं काम आहे, आणि जितकं लवकर उरकेल तितकं बरं. मी आयतं खाणारा, म्हणून दोघंही मला पंच समजतात. खरं सांगायचं तर या वादात मी बराचसा वहिनीच्या बाजूचा आहे आणि एकाच मुद्द्यावर पूर्णपणे मामांच्या. तो मुद्दा पुढे येईल.

निमित्त झालं ते वहिनीने आणलेल्या नव्या वस्तूचं.

मामा : सूनबाई, हे काय आणलंयस?

वहिनी : शार्पनर. ओट्याच्या कडेला ठेवायचं, खाचेत सुरी घालायची, आपल्याकडे ओढायची. तीनदा. झाली धार.

मामा : एक काळा कागद आण. ठेव त्याच्या खाली. आता ओढ.

वहिनी : ओढली. मग?

मामा : खाली काय पडलं ते बघ.

कागदावर पोलादाचा कीस पडला होता. काही कण भुकटीसारखे, काही चक्क कुरळे, लेथवरून निघतात तसे. मामांनी त्यातला एक बोटाच्या टोकावर घेऊन तिच्यापुढे धरला.

मामा : याला घासणं म्हणत नाहीत, खरवडणं म्हणतात. त्या खाचेत कार्बाइडच्या दोन पट्ट्या एकमेकींना छेद देऊन बसवल्यात. टंगस्टन कार्बाइड. आम्ही ज्याने पोलाद कापायचो, तेच. त्याने पात्याची साल निघते आणि कड फाटते. फाटलेली कड पहिल्या दिवशी टोमॅटोला छान चावते, म्हणून तू खूश. चार दिवसांनी ते सगळे दाते वाकतात नाहीतर तुटतात. की पुन्हा ओढ.

वहिनी : ओढीन की. पंधरा सेकंदांचं काम.

मामा : आणि ओढायला सुरुवात करताना जोर नेहमी मुठीजवळ जास्त पडतो, दर वेळी त्याच जागी. वर्षभरात तिथे पातं आत जातं. पाटावर सुरी टेकवलीस की मधून उजेड दिसेल. मग कोथिंबीर चिरायला घे, जुडीची माळ होऊन हातात येईल.

वहिनी : तशी एक झालीय, खोटं कशाला बोलू. पण मामा, ती सुरी शंभर-सव्वाशे रुपयांची. वर्षभर रोज चालली. आता ती टाकून दुसरी आणली तर माझं काय बिघडलं? तुम्ही म्हणता तसं दगडावर अर्धा तास बसायचं, तर त्या अर्ध्या तासात माझ्या पन्नास पोळ्या लाटून होतात. माझ्याकडे चार बायका आहेत कामाला. त्यांना मी कोनाचे अंश शिकवू की मीठ किती ते शिकवू?

या युक्तिवादाला मामांकडे तयार उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते धारेबद्दल हौसेनं बोलणाऱ्या बहुतेकांकडे नसतं. ते बोलतात ते हजारो रुपयांच्या जपानी सुऱ्यांबद्दल. व्हीजी-१० नावाच्या जपानी पोलादाची कठिणता रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असते. जर्मन बनावटीच्या नेहमीच्या सुऱ्यांची ५५ ते ५७. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात पुठ्ठ्याला टाचून लटकवलेली असते, ती साधारण त्याहूनही मऊ. मऊ पोलाद लवकर बोथटतं हे खरं, पण ते दगडावर लवकर धारही घेतं, आणि दुखावलं तर कपचा न उडता नुसतं वाकतं. म्हणजे आपल्या घरातल्या सुरीला वर्षातून एकदा भक्तिभावाने लावलेली आरशासारखी धार काही उपयोगाची नाही. तिला दर आठवड्याला दोन मिनिटं देणारं कोणीतरी पाहिजे. अशा सुरीसाठी साधन निवडायचं ते हाताशी असणारं, आणि चुकीच्या हातात गेलं तरी फार नुकसान न करणारं. वहिनीचं शार्पनर यातल्या पहिल्या अटीत बसतं, दुसऱ्या अटीत बसत नाही.

वहिनी : बरं, शार्पनर नको. धारवाल्याला बोलावते. येतोच तो महिन्या-दीड महिन्याने. सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारतो, कॅरिअरवरचं चाक फिरायला लागतं. सहा सुऱ्या, दोन कात्र्या, चहा होईपर्यंत सगळं हातात.

मामा : ठिणग्या बघितल्यास?

वहिनी : गल्लीतली पोरं त्याच बघायला जमतात.

मामा : ठिणगी म्हणजे पोलादाचा पेटलेला कण. पात्याची कड कागदाहून पातळ असते. तिथे झालेली उष्णता पळून जायला जागाच नसते. कार्बन पोलाद तापवत नेलं की सव्वादोनशे अंशांच्या सुमारास त्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. आमच्याकडे नव्या पोराने ग्राइंडरवर टूल निळं पाडलं की फोरमन अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असा ओरडायचा. निळं पडलं म्हणजे हत्याराला दिलेलं पाणी उतरलं. ती कड आता धार घेईल, पण धरून ठेवणार नाही.

वहिनी : माझ्या सुऱ्या स्टेनलेसच्या. त्या कधी निळ्या पडल्या नाहीत.

मामा : स्टेनलेसवर तो रंग बराच उशिरा चढतो. म्हणूनच फसायला होतं. कड भाजलेली असते आणि दिसत काहीच नाही.

वहिनी : आमचा धारवाला चाकावर जोर देत नाही पण. सुरी हलकेच टेकवतो, मुठीपासून टोकापर्यंत एका दमात सरकवतो आणि डब्यातल्या पाण्यात बुचकळतो. पुन्हा टेकवतो, पुन्हा बुचकळतो.

मामा : पाण्यात बुचकळतो?

वहिनी : दर वेळी.

मामा : मग त्याला सोडू नकोस.

इथे मामा जरा नरमले. फिरत्या चाकाची त्यांना चीड आहे, पण ते चाक कोणाच्या हातात आहे हे बघितल्याशिवाय ते निकाल देत नाहीत. हत्यारं पाजवणं हा शिकलगारांचा पिढीजात धंदा. तलवारी गेल्या, कोयते आणि कात्र्या राहिल्या. सायकलवरचा माणूस त्यातला असेल किंवा नसेल, पण जो पाण्याचा डबा जवळ ठेवतो त्याला आपण काय करतोय हे ठाऊक आहे, एवढं मला पुरतं. माझी अडचण वेगळी आहे. चाकाने पातं नव्याने घडवता येतं, कपचे उडालेली कड घासून सारखी करता येते, पण रोजची निगा राखायला तो दारात नसतो. महिन्यातले उरलेले दिवस काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

मग मामांनी आपला दगड काढला. सुतारांच्या पेटीत पटाशी आणि रंध्याच्या पात्यासाठी असतो तो नेहमीचा ऑइलस्टोन: एक बाजू जाड दाण्याची, एक बारीक, तेलाने काळा कुळकुळीत झालेला. हा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा संशोधक कृत्रिम हिरे करायच्या नादात होता. विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवताना त्याच्या हाती हिऱ्यांऐवजी हे चकाकते, कमालीचे कठीण स्फटिक लागले. त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम, आणि १८९३ मध्ये पेटंट मिळवलं. आपल्याकडे १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी उभी राहिली. हिरे करायला निघालेल्या माणसाच्या फसलेल्या प्रयोगावर आज आपले सुतार पोट भरतात, ही गोष्ट मामा दर वेळी नव्या उत्साहाने सांगतात. वहिनी ती दर वेळी कणीक मळता मळता ऐकते.

वहिनी : बोहरी आळीतल्या दुकानांत मी दोन्ही बघून आले. हा दगड स्वस्त मिळतो. पण मला ती डायमंड प्लेट बरी वाटली. पोलादाची सपाट पट्टी, वर हिऱ्याची भुकटी बसवलेली. चार थेंब पाणी टाकायचं, घासायचं, धुऊन ठेवून द्यायचं. तुमच्या दगडाला तेल लागतं, आणि तेलाचे हात मग भाजीला.

मामा : साबणाचं पाणीही चालतं. फक्त एकदा तेल पाजलं की तो दगड तेलाचाच, मग त्याच्यावर पाणी ठरत नाही. नवीन घेतलास तर पहिल्या दिवसापासून पाणीच वापर.

वहिनी : आणि मधोमध खोलगट होतो त्याचं काय?

मामा : सपाट करायचा. जाड काच घ्यायची, तिच्यावर खरखरीत पॉलिश पेपर पसरायचा, पाणी शिंपडायचं आणि दगड त्यावर घासायचा.

वहिनी : म्हणजे सुरीसाठी दगड, दगडासाठी कागद आणि कागदासाठी काच. माझ्या बायका दुसऱ्याच दिवशी काम सोडून जातील.

मामा : बरं, घे तुझी प्लेट. वाकडी होत नाही हे तिचं खरंच चांगलं आहे. ४०० आणि १००० दाण्याची घे, एकीवर धार आणायची, दुसरीवर गुळगुळीत करायची. त्याच्या वरचं तुला नको. भाजीला जरा खरखरीत धारच बरी; टोमॅटोच्या सालीवर फार गुळगुळीत धार घसरते. आणि जोर देऊ नकोस. ते हिऱ्याचे कण निकेलच्या मुलाम्यात रोवलेले असतात, दाबलंस की उपटून येतात. नवी असताना ती अंमळ जास्तच चावेल, मग बसते.

वहिनी : आणि कोन? सगळीकडे तेच ऐकते. वीस अंश, पंधरा अंश. ओट्यावर कंपासपेटी घेऊन बसू का?

मामा : टूलरूममध्ये बारीक कोन कोणी कोनमापकाने मोजत नाही. साइन बार ठेवतात आणि उंची मोजतात. तुझ्या सुरीचं पातं साधारण पंचेचाळीस मिलिमीटर रुंद. पंधरा अंशांसाठी पाठ दगडापासून बारा मिलिमीटर वर पाहिजे, वीस अंशांसाठी पंधरा. पाठीखाली तुझी करंगळी जेमतेम जाईल एवढी फट. आपल्या मऊ सुरीला वीसच ठेव. पंधरा जपानी सुरीला शोभतात. आपली तेवढी पातळ केली तर आज कापेल आणि उद्या दुमडेल.

वहिनी : हात हलतोच पण. प्रत्येक घासणीला ती फट तेवढीच कशी राहील?

मामा : पहिल्यांदा नाहीच राहणार. मुलाचा मार्कर घे, पात्याच्या कडेचा उतार रंगव, दोन-तीनदा घास आणि बघ. रंग वरच्या बाजूचा गेला आणि कडेला उरला, तर पाठ फार खाली धरलीस. फक्त कडेचा गेला, तर फार वर. सगळा गेला, तर तोच तुझा कोन. आकडा विसरून जा.

वहिनी : ते क्लिपवालं येतं ना पाठीला लावायचं? त्याने कोन आपोआप राहतो म्हणतात.

मामा : राहतो, आणि तुझ्या प्लेटला ओरखडे काढतो. टोकाकडे पातं निमुळतं होतं, तिथे त्याच क्लिपने कोन बदलतो. आठवडाभर शिकायला वापर, हवं तर.

आता तो मुद्दा, ज्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. बाजारातली बहुतेक साधनं कोन सांभाळण्याची हमी देतात. पण धार आली की नाही, हे ती सांगत नाहीत. पंधरा वेळा ओढा, वीस वेळा घासा, असे आकडे खोक्यावर छापलेले असतात, जणू प्रत्येक सुरी सारखीच बोथट असते. घरी धार लावायला बसलेला माणूस हरतो तो कोनापायी नव्हे. दगड कडेपर्यंत पोचायच्या आत तो थांबतो. पात्याच्या उताराला छान चकाकी येते, त्याला वाटतं झालं, आणि खरी कड होती तशीच गोल राहते.

मामांनी वहिनीची सुरी उलटी धरली, धार वर करून, ट्यूबलाइटखाली.

मामा : कडेवरून नजर फिरव. काय दिसतं?

वहिनी : पांढरी बारीक रेघ. मधेमधे.

मामा : तीच बोथट जागा. धारेच्या कडेला रुंदीच नसते, त्यामुळे तिथून उजेड परत येत नाही. रेघ दिसली म्हणजे तिथे सपाटी आहे, किंवा कड दुमडलीय. आता बघ.

त्यांनी सुरी दगडाच्या जाड बाजूवर ठेवली, पाठ उचलली, डाव्या हाताची तीन बोटं पात्यावर टेकवली आणि घासायला लागले, धार पुढे करून, दगडावरून पातळ काप काढायचा असावा तसं. आधी खर्र खर्र असा कोरडा आवाज, मग दगडावर काळपट चिखल जमला तसा तो आवाज मऊ होत गेला. बोटं हळूहळू मुठीकडून टोकाकडे सरकत होती, कारण दगड कापतो ते बोटांखालीच. थोड्या वेळाने सुरी पुसून त्यांनी वहिनीचा अंगठा धरला.

मामा : दुसऱ्या बाजूने, पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर. लांबीत नाही हं, आडवा फिरव. काय लागतं?

वहिनी : काहीतरी अडकतंय. उंचवटा आल्यासारखं.

मामा : ती बर. एका बाजूने घासत घासत दगड कडेपर्यंत पोचला की उरलेलं पातळ पोलाद पलीकडे दुमडतं. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागते का ते बघ.

वहिनी : टोकाशी नाही लागत.

मामा : म्हणजे टोकाशी आपण अजून कडेपर्यंत पोचलोच नाही. तेवढ्या भागावर पुन्हा. सगळीकडे लागली की सुरी उलटवायची आणि ती बर या बाजूला येईपर्यंत घासायचं. मग एकदा इकडून, एकदा तिकडून, दर खेपेला जोर कमी करत. शेवटी तर सुरीचं स्वतःचं वजन पुरे. बर तशीच ठेवलीस तर पहिल्या कांद्याला सुरी भन्नाट चालेल आणि चौथ्या कांद्याला मोडून पडेल. म्हणून ती काढायची. दगडावर जुनं वर्तमानपत्र पसर आणि त्यावर धार मागे ठेवून सुरी ओढ, आठ-दहा वेळा. न्हावी पट्ट्यावर वस्तरा फिरवतो ना, त्यासाठीच.

वहिनी : किती वेळा घासायचं हे मोजायचंच नाही?

मामा : नाही. बर आली की थांबायचं. आली नाही तर थांबायचं नाही.

वहिनी : हे मात्र मी बायकांना सांगू शकते. अंश त्यांना कळणार नाहीत, पण बोटाला लागतंय की नाही हे कळेल. पोळी झाली का हे त्या घड्याळात बघून थोडंच ठरवतात.

इथे वाद मिटायला हरकत नव्हती. पण वहिनी इतक्या सहज हार मानत नाही. तिने फडताळातून चहाचा एक मग काढला, पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या कड्यावर सुरी दोन्ही बाजूंनी चार-पाचदा सरकवली.

वहिनी : मला हे गिऱ्हाइकाच्या आजींनी शिकवलं. गर्दीच्या वेळी माझं एवढंच चालतं.

मामा : चालणारच. मगाच्या बुडाला चकाकी नसते, तिथे उघडी भाजकी माती असते. तिच्यातले गारेसारखे कण पोलादाहून कठीण. बारीक दगडाचंच काम होतं ते. कड फक्त थोडी वाकलेली असेल तर यावर सरळ होते, अगदी गोल झालेली असेल तर नाही. कडं अरुंद असतं, म्हणून जपून, बोटं खाली ठेव.

वहिनी : हॉटेलात तो लोखंडी दांडा असतो, गज, तोही हेच करतो का?

मामा : साधारण हेच. कड सरळ करतो, घासत फारसं नाही. जर्मन घडणीच्या मऊ सुरीला उत्तम. साठच्या वर कठीण असलेल्या जपानी सुरीला त्यावर आपटू नकोस, कपचे उडतील.

मग वहिनीने स्वतःच धारेची बाजू घेतली, आणि त्यात तिचा व्यावसायिक स्वार्थ होता: कांदा चिरणाऱ्या बायकांचे डोळे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कांदा कापताना उडणाऱ्या तुषारांचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं. ते काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. बोथट पातं कांद्याच्या सालीला आधी दाबतं, आत दाब साठतो आणि मग साल फुटते तेव्हा रस जास्त प्रमाणात आणि जास्त वेगाने उडतो. धारदार पात्याने हळू कापलं तर तुषार कमी. वहिनीच्या बायकांना हे कॅमेऱ्याशिवायच माहीत होतं. सुरी बोथटली की पहिली तक्रार डोळ्यांची येते, मनगटाची नंतर.

आईची विळी मात्र या सगळ्या चर्चेबाहेर राहिली होती. मामांच्या ते लक्षात होतं.

मामा : ताईच्या विळीला कोण लावतं धार?

वहिनी : धारवालाच. पण हल्ली त्याला नको वाटतं, पाटासकट ती चाकावर धरता येत नाही.

मामा : चाकावर धरायचीच नाही. सुरीत पातं हलतं आणि दगड स्थिर असतो. विळीत उलटं, पातं जागच्या जागी आणि भाजी हलते. मग धार लावतानाही पातं जागच्या जागी राहू दे आणि दगड हलव. पाटावर पाय ठेवून बस, रोज चिरायला बसतेस तशीच. छोटा दगड किंवा तुझी प्लेट घे, बोटं दगडाच्या मागे, कडेच्या वर एकही बोट येता कामा नये. आतून बाहेर, वाकणीच्या बरोबर वळत वर जा. मग दुसऱ्या बाजूने. शेवटी तीच परीक्षा, बर लागली का.

वहिनी : तिचं लोखंड काळं पडलंय. ते घासून पांढरं करू?

मामा : कशाला? कार्बन पोलाद आहे ते. कैरी, लिंबू, कोकम लागून काळपट पापुद्रा धरतं आणि तोच गंजाला थोडा अडवतो. तांबूस दिसलं तर तेवढं काढ. चिरून झालं की पुसून कोरडी करायची, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायचं. ती स्टेनलेसपेक्षा चांगली धार घेते, हे तुला पहिल्याच भेंडीला कळेल.

आमच्याकडे विळीवर आता कोणी बसत नाही, खाली बसायलाच कोणी तयार नाही. आई सणावारी बसते, आणि ओलं खोबरं खवायला सगळ्यांनाच तिच्या टोकाशी जावं लागतं. मला स्वतःला वाटतं की फणस आणि लाल भोपळा कापायला विळीसारखं हत्यार नाही, कारण दोन्ही हात फळावर असतात. पण हे मत भोपळा न कापणाऱ्या माणसाचं आहे.

मामांचं शेवटचं भाषण साधनांबद्दल नव्हतं, ओट्याबद्दल होतं.

मामा : एवढं सगळं करून तू चिरतेस कुठे? ग्रॅनाइटवर.

वहिनी : घाईत कधीतरी.

मामा : ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते, पोलादाहून कठीण. एकदा टेकली की धार गेली. काचेचा पाटही तसाच. लाकडी नाहीतर प्लास्टिकचा घे. चिरलेली भाजी ढकलायची ती पात्याच्या पाठीने, धारेने नाही. आणि सिंकमध्ये पातेल्यांच्या ढिगात सुरी टाकणं बंद कर.

वहिनी : भाजीने कुठे एवढी बोथटते?

मामा : भाजीनेही बोथटते. एमआयटीतल्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलं, दाढीच्या पात्याचे कपचे साध्या केसाने उडतात. केस पोलादाहून पन्नास पटींनी मऊ. पण तो वाकून, तिरपा येऊन नेमका पोलादातल्या कच्च्या जागेवर दाब देतो. म्हणजे धार ही जाणारच. प्रश्न एवढाच की ती भाजीवर घालवायची की दगडी ओट्यावर.

वहिनीने त्याच आठवड्यात खाचेचं शार्पनर फडताळाच्या मागच्या कप्प्यात टाकलं, फेकलं नाही. प्लेट आणली, ओट्यावर ओलं फडकं घालून त्यावर ठेवली म्हणजे सरकत नाही. दर शनिवारी डबे गेले की एक बाई सगळ्या सुऱ्या घेऊन बसते, बाकीचे दिवस मगावर भागतं. मामांना एवढ्याने समाधान नाही. ४०० च्या प्लेटने पडलेल्या रेघा त्यांना उजेडात दिसतात. कांद्याला दिसत नाहीत, असं वहिनीचं म्हणणं.

वहिनी : आणि मामा, पावाची ती करवती सुरी?

मामा : तिला हात लावू नकोस. पाटावर फक्त दात्यांची टोकं आपटतात, खरी धार खाचांच्या आत लपलेली असते. वर्षानुवर्षं टिकते. गेलीच तर दुसरी आण, तिथे मी तुझ्या मताचा.

वहिनी : कात्र्या?

मामा : कात्रीची दोन पाती एकमेकांवर घासत कापतात. आतली बाजू किंचित पोकळ ठेवलेली असते, ती दगडावर सपाट केलीस की कात्री कापड चावते, कापत नाही. त्या धारवाल्याकडेच.

वहिनी : म्हणजे तो यायचा राहत नाही.

मामा : येऊ दे. डब्यात पाणी आहे का, तेवढं बघ.